दिलीला दिलेले डॉलर गेले कुठे?

"अमुक देशाकडून तमुक देशाला 50 कोटी डॉलरची मदत" अशी बातमी वाचली की आपण मनात एक साधा हिशेब मांडतो. इकडच्या तिजोरीतून पैसे निघाले, तिकडच्या तिजोरीत जमा झाले, आता तिथलं सरकार शाळा, रस्ते, दवाखाने बांधणार. नाही बांधले तर कुणीतरी खाल्ले. प्रत्यक्षात बरेचदा तिसरंच काहीतरी होतं. पैसे त्या देशाच्या तिजोरीत येतच नाहीत. चोरी झालेली नसते, बिलं, पावत्या, ऑडिट सगळं जागच्या जागी असतं, आणि तरीही त्या देशाच्या हाती फारसं काही लागत नाही.

हे कसं होतं ते बघायचं तर पूर्व तिमोर, म्हणजे आजचा तिमोर-लेस्ते, यासारखं दुसरं उदाहरण नाही. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांच्या रांगेत, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर असलेल्या बेटाचा हा अर्धा तुकडा. लोकसंख्या जेमतेम 13 लाख, गोव्याहूनही थोडी कमी. गोव्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. हीसुद्धा पोर्तुगीज वसाहत होती आणि 1844 पर्यंत तिचा कारभार गोव्यातून चालायचा. गोवा 1961 मध्ये सुटला. तिमोरला पोर्तुगिजांनी सोडलं ते 1975 मध्ये, आणि तेही कुणाच्या हाती रीतसर कारभार न देता.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये यूडीटी आणि फ्रेटिलिन या दोन स्थानिक पक्षांत यादवी पेटली. काही आठवड्यांत फ्रेटिलिनची सरशी झाली, 28 नोव्हेंबरला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत, म्हणजे राजधानीत, उतरलं. पुढची 24 वर्षं त्यांचाच अंमल होता. त्या काळात लढाई, भूक आणि आजार यांनी किमान 1,02,800 माणसं दगावली, असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा हिशेब आहे. 30 ऑगस्ट 1999 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झालं आणि 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. त्याचा राग म्हणून इंडोनेशियाच्या सैन्याने पोसलेल्या स्थानिक टोळ्यांनी जाता जाता देश पेटवून दिला. इमारती, वीज, पाणी, टेलिफोन मिळून सुमारे 70 टक्के बांधकाम उद्ध्वस्त झालं. सरकारी दप्तरं जळाली. आणि ज्याकडे नंतर मदत करणाऱ्यांचंही पुरेसं लक्ष गेलं नाही ते असं की, वरच्या हुद्द्यांवरचे अधिकारी, माध्यमिक शाळांतले शिक्षक, डॉक्टर यांत इंडोनेशियातून आलेल्यांचाच भरणा मोठा होता. ते सगळे निघून गेले. इमारत वर्षभरात पुन्हा बांधता येते, पण तालुक्याचा कारभार वीस वर्षं सांभाळलेला कारकून कुठून आणणार?

20 सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी आख्ख्या देशाचा कारभारच हाती घेतला. कायदे करायचे, कर लावायचे, पोलीस नेमायचे, सगळं त्यांनीच. प्रमुख होते ब्राझीलचे सेर्जिओ व्हिएरा द मेलो. डिसेंबर 1999 मध्ये टोकियोत देणगीदार देशांची बैठक भरली आणि 52 कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं मिळाली. दर डोई पाहिलं तर अशी मदत त्या काळात फार थोड्या देशांच्या वाट्याला आली होती.

आता हे पैसे कोणकोणत्या खिशांत होते ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिला आणि सगळ्यात मोठा खिसा संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचा. सदस्य देशांकडून वर्गणी काढून तो भरला जातो. त्यातून सैनिकांचे आणि अधिकाऱ्यांचे पगार, गाड्या, हेलिकॉप्टर, जनरेटर, संगणक असा खर्च होतो. अट एकच, पैसा मिशनवरच खर्च झाला पाहिजे. मिशन ज्या देशाचं सरकार म्हणून काम करतंय त्या देशाच्या शाळेचं छप्पर या पैशातून घालता येत नाही. देशाची सगळी सत्ता ज्यांच्या हाती होती त्या द मेलोंनाही हा नियम मोडता येत नव्हता, आणि त्याबद्दल ते उघडपणे कुरकुरत. दुसरा खिसा जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक मिळून चालवत असलेल्या ट्रस्ट फंडाचा. शाळा, रस्ते, शेती यांची पुनर्बांधणी त्यातून व्हायची होती. तिसरा खिसा प्रत्येक देशाचा स्वतःचा. पोर्तुगाल शिक्षक पाठवणार, जपान रस्ते आणि कालवे करणार, अमेरिका कॉफीच्या सहकारी संस्थेला हात देणार, आणि हे सगळं ज्याच्या त्याच्या पद्धतीने, ज्याच्या त्याच्या माणसांकडून. उरला चौथा खिसा, खुद्द तिमोरच्या प्रशासनाचं बजेट, ज्यातून स्थानिक शिक्षकांचे, नर्सचे, कारकुनांचे पगार निघायचे. मिशनचा वर्षाचा खर्च 50 कोटी डॉलरच्या वर होता. तिमोरच्या प्रशासनाच्या वाट्याला त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी रक्कम यायची.

दिलीत राहण्याजोगी घरंच उरली नव्हती, म्हणून परदेशी कर्मचाऱ्यांसाठी बंदरात 'ऑलिंपिया' नावाचं तरंगतं हॉटेल आणून उभं केलं. संध्याकाळी त्याच्या डेकवर दिवे लागत, गाणी वाजत, आणि किनाऱ्यावर वीज नसे. मिशनच्या परदेशी माणसाचा दिवसाचा भत्ताच 100 डॉलरच्या आसपास होता. त्याच शहरात बिगाऱ्याला दिवसाला तीन-चार डॉलर मिळत. थोडंफार इंग्रजी येणारा शिक्षक शाळा सोडून मिशनचा ड्रायव्हर किंवा दुभाषी झाला, तर त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? पण शाळा मात्र रिकामी राहिली, आणि हा फटका कुठल्याच अहवालाच्या आकड्यांत आला नाही.

दिलीत 'लाओ हामुतुक' नावाची एक छोटी संस्था आहे. कोण किती देतं आणि ते कुठे जातं याच्या मागे ती 2000 सालापासून लागलेली आहे. 2009 मध्ये तिने दहा वर्षांचा ताळेबंद मांडला. तिमोरच्या नावाने देणगीदारांनी खर्च केले सुमारे 520 कोटी डॉलर. त्यातले तिमोरच्या अर्थव्यवस्थेत प्रत्यक्ष उतरले साधारण एक दशांश. बाकीची रक्कम परदेशी सैनिक, परदेशी पगार, परदेशी सल्लागार आणि परदेशातून केलेली खरेदी यांत गेली. वऱ्हाडाने स्वतःच्या प्रवासाचा, मुक्कामाचा आणि जेवणावळींचा खर्च आहेर म्हणून वहीत मांडावा, तसा हा हिशेब.

लगेच संतापून जायचं कारण नाही. यातला मोठा खर्च सुरक्षेवरचा होता, आणि 1999 च्या सप्टेंबरात ती फौज उतरली नसती तर आणखी किती माणसं मेली असती याचा विचार करवत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की, फौजेचा खर्च हा फौजेचा खर्च म्हणून मांडावा. त्याला विकास म्हटलं की दहा वर्षांनी कुणीतरी विचारतं, "एवढे पैसे दिले, तरी हे लोक गरीब कसे?" ज्यांच्या हाती पैसे आलेच नाहीत त्यांच्यावर हा ठपका येतो.

सल्लागारांचं प्रकरण जरा वेगळं आहे. देणगीदारांच्या भाषेत त्याला 'तांत्रिक साहाय्य' म्हणतात. एखाद्या मंत्रालयात लेखापाल नाही, मग परदेशातून लेखापाल येतो. करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा. पहिले काही महिने कोण कुठे बसतं हे कळण्यात जातात. मग तो स्वतःच कामाला लागतो, कारण अहवाल वेळेत द्यायचा असतो आणि शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला शिकवत बसलं तर उशीर होतो. अहवाल इंग्रजीत. कायद्याचा मसुदा पोर्तुगीजमध्ये. टेबलावरचा तरुण शिकलेला इंडोनेशियन भाषेत आणि घरी बोलतो तेतुम किंवा आणखी एखादी बोली. करार संपतो, सल्लागार जातो, पुढचा येतो आणि वेगळ्या पद्धतीची एक्सेल शीट घेऊन येतो. यात कुणीच कामचुकार नसतं. कामाची मोजणी अहवालांवर होते, शिकलेल्या माणसांवर होत नाही, एवढीच अडचण.

गावपातळीवर एक चांगला प्रयत्न झाला होता. जागतिक बँकेने 2000 मध्ये गावोगाव परिषदा निवडून आणल्या. प्रतिनिधी एक बाई आणि एक पुरुष अशा जोडीने निवडायचे. पैसे थेट गावाला द्यायचे, काय बांधायचं ते गावाने ठरवायचं. कागदावर याहून छान काय असणार? पण गावच्या पारंपरिक मुखियांना या परिषदांमधून मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. पैसे येत होते तोवर परिषदा चालल्या. पैसे थांबले, परिषदा विरल्या, आणि गावातले तंटे पुन्हा मुखियाच्याच ओट्यावर सुटू लागले.

20 मे 2002 रोजी देश स्वतंत्र झाला. शनाना गुझमाओ पहिले राष्ट्राध्यक्ष, मारी अल्कातिरी पहिले पंतप्रधान. संयुक्त राष्ट्रांनी मिशन आटोपतं घ्यायला सुरुवात केली, आणि परदेशी माणसांच्या खर्चावर उभी असलेली दिलीतली बाजारपेठ बसली. हॉटेलं, भाड्याची घरं, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळ्यांचं काम एकदम कमी झालं. जगभरच्या परिषदांमध्ये मात्र तिमोर म्हणजे राष्ट्रउभारणीचा यशस्वी नमुना म्हणून सांगितला जात होता. 2006 मध्ये भेदभावाची तक्रार घेऊन बराकी सोडून गेलेल्या सुमारे 600 सैनिकांना सरकारने बडतर्फ केलं. लष्कर आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अशी दिलीतल्या मोहल्ल्यांची फाळणी झाली, घरं पुन्हा जळाली. दीड लाखाच्या आसपास माणसं छावण्यांत गेली. सैन्य आणि पोलीस ही दोन्ही खाती परदेशी मदतीनेच नव्याने उभी केली होती, पण दोघांमधलं वैर मिटवणं हे कुणाच्याच प्रकल्पात बसत नव्हतं. फेब्रुवारी 2008 मध्ये तर राष्ट्राध्यक्ष जोझे रामोस-होर्ता यांच्यावर घरासमोरच गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले.

छावण्या रिकाम्या कशा झाल्या, हे इथे नीट पाहण्यासारखं आहे. सरकारने सरळ रोख पैसे वाटले. ज्याचं घर पूर्ण गेलं त्या कुटुंबाला 4,500 डॉलर. बडतर्फ सैनिकांनाही माणशी सुमारे 8,000 डॉलर देऊन घरी पाठवलं. यावर टीका खूप झाली. शांतता विकत घेतली म्हणाले, खोटे दावे आले, जमिनीचे जुने वाद तसेच राहिले. टीकेत तथ्य होतं. तरी दोन-तीन वर्षांत छावण्या उठल्या, आणि घर कुणी कसं बांधायचं हे ठरवायला एकाही सल्लागाराची गरज लागली नाही. हे पैसे मदतीचे नव्हतेच. ते तेलाचे होते.

तिमोरच्या दक्षिणेला समुद्रात बायू-उंदान नावाचं तेल आणि वायूचं क्षेत्र आहे. त्याचा पैसा येऊ लागला तेव्हा, 2005 मध्ये, देशाने पेट्रोलियम फंड स्थापन केला. कल्पना नॉर्वेची, आणि कायदा करायला मदतही नॉर्वेचीच. नियम सोपा: सगळं उत्पन्न आधी फंडात जाणार, सरकारला काढायचं तर संसदेची मंजुरी लागणार, आणि एकूण तेलसंपत्तीच्या वर्षाला 3 टक्के इतकीच रक्कम ओढली तर फंड पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. या मदतीला किती खर्च आला असेल? काही जाणकार माणसांचा वेळ, एवढाच. पण त्यामुळे आफ्रिकेतल्या कित्येक तेलसंपन्न देशांत झालं तसं तेलाचं उत्पन्न परस्पर गायब झालं नाही. 3 टक्क्यांची मर्यादा सरकारांनी वर्षानुवर्षं ओलांडली हे खरं, पण ती संसदेत, सगळ्यांसमोर ओलांडली. परदेशी मदतीतून त्या देशात जे काही उरलं, त्यात हा कायदा मी सर्वांत वर ठेवीन.

त्याखालोखाल क्युबाचे डॉक्टर. इंडोनेशियन डॉक्टर गेल्यावर देशात काही डझन डॉक्टर राहिले होते. क्युबा स्वतः गरीब देश, पैसा देणं त्याला शक्यच नव्हतं. त्याने माणसं दिली. सुमारे 300 डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी डोंगराळ भागातल्या उपकेंद्रांत जाऊन राहिले, आणि सोबतच जवळपास हजारभर तिमोरी मुला-मुलींना डॉक्टर करण्याचं काम हाती घेतलं गेलं, काहींना क्युबात नेऊन, काहींना पुढे दिलीच्या विद्यापीठातच. मुलं स्पॅनिश शिकली, सहा वर्षांनी परत आली आणि आपापल्या जिल्ह्यांत रुजू झाली. त्यांच्या प्रशिक्षणाच्या दर्जावर वाद आहेत, शस्त्रक्रिया करणारे अजून फार कमी आहेत. पण ज्या डोंगरात पूर्वी डॉक्टर दिसत नव्हता, तिथे आता गावचीच पोरगी स्टेथोस्कोप घालून बसते.

शेतीतलंही एक काम सांगण्याजोगं आहे. 'सीड्स ऑफ लाइफ' हा ऑस्ट्रेलियाच्या पैशावर चाललेला कार्यक्रम 2016 पर्यंत, म्हणजे दीड दशकाच्या आसपास, तिमोरच्या कृषी खात्यासोबत चालला. मका, रताळं, भुईमूग, भात आणि ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, यांचे वाण बाहेरून आणून थेट शेतकऱ्यांच्या रानात लावून पाहिले. खत नाही, पंप नाही, नेहमीचीच मशागत. ज्यांनी जास्त उतारा दिला आणि जे खायला आवडले, तेवढेच ठेवले. त्यांना नावंही तिथलीच दिली: मक्याचं 'सेले', रताळ्याचं 'होहराए', भाताचं 'नाक्रोमा'. मग गावोगाव बियाणं तयार करणारे गट उभे केले. मक्याचं एक दुखणं साठवणीत होतं. तिकडे कणसं झाडाला टांगतात किंवा चुलीच्या धुरावर ठेवतात, तरी भुंगा लागून बराच माल जातो. त्यावर दुसऱ्या एका प्रकल्पाने 200 लिटरचे झाकणबंद पत्र्याचे पिंप वाटले. पिंपात भुंगा गुदमरतो आणि दाणा टिकतो. उद्घाटनाची फीत कापण्याजोगं यात काही नाही.

पण बियाणं देणाऱ्या याच ऑस्ट्रेलियाने आणखी काय केलं तेही सांगायला हवं. 2004 मध्ये दोन्ही देशांत समुद्रातल्या तेलाच्या वाटणीची बोलणी चालू होती. त्या काळात दिलीतल्या सरकारी कचेरीची डागडुजी ऑस्ट्रेलियाच्या मदतीतून होत होती, आणि त्याच निमित्ताने ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर खात्याने मंत्रिमंडळाच्या खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवली, असा आरोप आहे. आरोप बाहेर आला तो त्याच खात्यातल्या एका माजी अधिकाऱ्यामुळे. तिमोरने 2013 मध्ये हेगला लवादाकडे धाव घेतली. ऑस्ट्रेलियात मात्र खटला भरला गेला तो त्या अधिकाऱ्यावर आणि त्याच्या वकिलावर. अधिकाऱ्याला 2021 मध्ये निलंबित शिक्षा झाली, वकिलावरचा खटला 2022 मध्ये मागे घेतला गेला. मदत करणाऱ्याचे स्वतःचे हितसंबंध असतात हे आपण नेहमी ऐकतो, पण इतकं ढळढळीत उदाहरण क्वचित सापडतं. अखेर 6 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये सागरी सीमेचा नवा करार झाला आणि सीमा मुख्यतः तिमोरच्या मागणीप्रमाणे आखली गेली.

अशा अनुभवांमुळे तिमोर मदतीबद्दल जरा मोठ्याने बोलू लागला. 2010 मध्ये दिलीतच युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशांचा 'जी7+' नावाचा गट उभा राहिला. त्यांची मागणी साधी होती: आमच्या प्राधान्यक्रमाप्रमाणे द्या, आमच्या तिजोरीतून द्या, आणि किती देताय ते वेळेवर सांगा. पुढच्याच वर्षी बुसानच्या परिषदेत देणगीदारांनी यावर मान डोलावली. तिजोरीत पैसे टाकायला मात्र बहुतेकांचा हात अजून आखडतोच. त्यांचीही बाजू आहे. तिकडे पैसे बुडाले तर घरच्या संसदेत उत्तर त्यांना द्यावं लागतं. पण तिजोरीतून व्यवहार झालाच नाही तर तिजोरी सांभाळायला कुणी शिकणार कसं?

भारताचा वाटा लहान आहे आणि मुख्यतः प्रशिक्षणाचा. दिलीत आपला दूतावास उघडण्याची घोषणा सप्टेंबर 2023 मध्ये झाली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे जाऊन आल्या.

आज तिमोरचं सरकार परदेशी मदतीवर चालत नाही. ते बहुतांश पेट्रोलियम फंडावर चालतं, ज्यात सुमारे 1,800 कोटी डॉलर आहेत. यातून देशभर वीज पोचली. देशभर तारा टाकण्याचं मोठं काम चिनी कंपनीने केलं, म्हणजे पैसा पुन्हा बाहेरच गेला, पण या वेळी दिवा घरात राहिला. त्याच फंडातून दक्षिण किनाऱ्यावर सुआईला विमानतळ झाला, जिथे विमानं क्वचित उतरतात, आणि चारपदरी महामार्ग झाला, ज्यावर गाड्या तुरळक दिसतात. लढ्यातल्या माजी सैनिकांच्या पेन्शनवर मोठी रक्कम जाते. दुसरीकडे पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची उंची कुपोषणाने खुंटलेली आहे. पैसा आपला असला म्हणजे तो आपोआप योग्य जागी जातो असंही नाही.

बायू-उंदानचं उत्पादन 2025 मध्ये थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिमोर आसियानचा अकरावा सदस्य झाला. आहे त्या वेगाने खर्च होत राहिला तर फंड पुढच्या दशकात आटेल असा अंदाज आहे. आता सगळी आशा 'ग्रेटर सनराइज' या दुसऱ्या वायूक्षेत्रावर आहे. 2018 च्या करारानुसार वायूची नळी ऑस्ट्रेलियाकडे नेली तर उत्पन्नातले 80 टक्के तिमोरचे, आणि तिमोरच्या किनाऱ्यावर आणली तर 70 टक्के. गुझमाओ यांचा आग्रह नळी घरी आणण्याचा आहे, म्हणजे कारखाना, नोकऱ्या आणि कौशल्य देशात राहील. दिलीतले टीकाकार म्हणतात, मधल्या खोल समुद्री दरीतून नळी आणण्याचा खर्च आणि धोका पाहा, आणि आधी सुआईचा महामार्ग पाहून या. या वादात पैसे कुणी द्यायचे आणि कुठे खर्च करायचे ते टोकियोच्या परिषदेत ठरणार नाही, दिलीच्या संसदेत ठरेल.